त्याच नावाची दुसरी

ऑफिसात त्याला सगळे वायरमन म्हणत, आणि त्याने वायरीला हात लावल्याला तर युगं लोटली होती. त्याचं खरं काम खुर्चीत बसून करायचं होतं. औषधं थंड ठेवणाऱ्या त्या मोठ्या गोदामाच्या मशीनवर नवे प्रोग्रॅम बसवायचे, आणि ते अशा रीतीने बसवायचे की कुणाला पत्ताही लागू नये. अशा प्रोग्रॅमला त्याच्या धंद्यात सर्व्हिस म्हणतात. सर्व्हिसला पडद्यावर खिडकी नसते, चेहरा नसतो. मशीन चालू झालं की ती आपोआप जागी होते आणि समोरच्या खुर्चीत कुणी बसलेलं असो वा नसो, मागच्या मागे आपलं काम करत राहते. ती आहे हे लोकांना कळतं ते बहुतेक वेळा ती बंद पडल्यावरच.

सर्व्हिस बसवताना तिला नाव द्यावं लागतं आणि त्या नावाचे नियम कडक असतात. नावात मोकळी जागा सोडायची नाही, तिरपी रेघ घालायची नाही. एका मशीनवर एका नावाची एकच. त्याच नावाची दुसरी बसवायला गेलं की मशीन तोंडावर नाही म्हणतं. आणि एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही. बदलायचंच असेल तर सर्व्हिस मुळासकट उपटून काढायची आणि पहिल्यापासून पुन्हा बसवायची. याखेरीज दाखवायचं म्हणून आणखी एक नाव असतं, ते लोकांसाठी. ते हवं तेवढं ऐसपैस ठेवा, हवं तेव्हा बदला, मशीन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मशीन ओळखतं ते आतल्या नावाला.

हे सगळं त्याला मामांनी शिकवलं होतं. मामा म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचेच मामा. वायरमनच्या आधी त्याच खुर्चीत बसून निवृत्त झालेले, तोंडाने फटकळ आणि आतून मऊ. लोकांना नावं ठेवायला अक्कल लागत नाही, सर्व्हिसला ठेवायला लागते, असं ते म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर कधीही हसायचे नाहीत. पुस्तकात नसलेला एक नियम त्यांनी स्वतःचा म्हणून घालून दिला होता. सर्व्हिसला माणसाचं नाव द्यायचं नाही.

"का पण मामा?" त्याने एकदा विचारलं होतं.

"नाव दिलं की हाक मारावीशी वाटते," मामा म्हणाले आणि कप विसळायला उठून गेले. मामा एकटे राहत. त्यांच्या घरी ऑफिसातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं, आणि का गेलेलं नव्हतं याचा कुणी विचारही केला नव्हता.

झिपरी गेली त्याच वर्षी हा नियम त्याने मोडला.

झिपरी हे त्याच्या मुलीचं घरचं नाव. शाळेत एक चांगलं, सुबक नाव होतं, पण ते शाळेच्या फाटकातच सोडून ती घरी यायची. तिचे केस असे, की रात्री विंचरून झोपवावी तर सकाळी डोक्यावर चिमण्यांनी घरटं बांधलेलं. आई फणी घेऊन उभी राहिली की घरात रणकंदन सुरू व्हायचं. फणी केसांत शिरायची, अडकायची, झिपरी किंचाळायची, आई म्हणायची, "हळू, हळू, झालं, झालं," आणि काही झालेलं नसायचं. सुटका झाली की ती धावत जाऊन पुढच्या खोलीच्या दाराच्या मुठीला लोंबकळायची आणि दारासकट झोके घ्यायची. दार कुरकुरायचं. बिजागरी निघेल म्हणून तो रोज ओरडायचा आणि रोज सुट्टीच्या दिवशी तेल घालायचं ठरवायचा. मग एक साधा ताप आला, साधाच आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि तो ताप तिला घेऊन गेला.

त्यानंतर घरात बोलणं म्हणून उरलं नाही. त्याच्या बायकोने फणी कपाटाच्या खणात टाकली आणि ती दिवस दिवस खिडकीपाशी बसू लागली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. झिपरीचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं. ते नाव निघालं तर घराचं छप्पर खाली येईल अशी काहीतरी भीती दोघांच्याही पोटात होती. बिजागरीला त्याने तेल कधीच घातलं नाही. दाराने कुरकुरायचं आपणहून सोडून दिलं होतं.

तो कामावर परत रुजू झाला तेव्हा पहिलंच काम आलं ते थंड खोल्यांच्या सर्व्हिसचं. गोदामाच्या प्रत्येक खोलीचं तापमान तिने सतत वाचत राहायचं आणि कुठे पारा चढलाच तर माणसांना जागं करायचं. दाखवायचं नाव त्याने नीट टाकलं, शीतगृह तापमान नोंद. आतल्या नावाच्या चौकटीशी मात्र त्याची बोटं थांबली. तिथे टाकलेलं नाव कुणीही वाचणार नव्हतं. ते कुठल्या कागदावर छापलं जाणार नव्हतं, कुणी त्याबद्दल हळहळणार नव्हतं. आणि कित्येक आठवड्यांत कुठेही न उच्चारलेलं ते नाव त्याला एकदा तरी कुठेतरी लिहायचं होतं. त्याने zipri लिहिलं. मशीनने मुकाट्याने घेतलं. नावापुढे स्थिती उमटली: चालू आहे.

ते दोन शब्द पाहून तो वायरमन, भर ऑफिसात, टेबलाखाली काही पडलंय असं दाखवून वाकला आणि डोळे पुसून वर आला.

मग त्याला सवयच लागली. सकाळी आल्यावर एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, निघताना एकदा तो ते पान उघडून पाही. चालू आहे. तेवढ्यावर दिवस निघायचा.

घरी पहिली विपरीत गोष्ट दिसली ती अगदीच लहान होती. एका संध्याकाळी आरशाखालच्या फळीवर फणी होती. तिच्या दातांत बारीक, कुरळे, पिंगट केस गुंतलेले होते. खणात टाकताना फणी साफ केली नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि ती पुन्हा खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी फणी पुन्हा फळीवर होती आणि केस जास्त होते.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की बायको बरी दिसू लागली. तिने पडदे धुतले. तिला भूक लागू लागली. एकदा तर भाजीवाल्याशी हुज्जत घालून आली आणि ती हुज्जत तिने त्याला रंगवून सांगितली. माणूस बुडत असताना हाताला काय लागलं हे बघत नाही. त्यानेही बघितलं नाही.

मग एका रविवारी सकाळी लख्ख उजेडात त्याने ते पाहिलं. बायको पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्यासमोर छोटं स्टूल होतं आणि स्टुलावरची गादी मधोमध दबलेली होती. बायको हवेत फणी चालवत होती. फणी वरून थोडी खाली आली आणि थांबली. बायकोने मनगट वळवून ओढली, तरी हलेना. हवेत, कशालाही न लागता, फणी अडकली होती.

"हळू, हळू," बायको म्हणाली. "झालं, झालं."

थोड्या वेळाने गादी फुगून वर आली आणि पुढच्या खोलीचं दार कुरकुरलं.

तिने मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो आत जाऊन आंघोळीला बसला आणि नळ सोडून त्या आवाजाच्या आडोशाने रडला, कितीतरी दिवसांनी सुखाने.

नावाशी याचा काही संबंध असेल असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. ते कळलं गोदामातलं मशीन साफसफाईसाठी थोडा वेळ बंद केलं तेव्हा. मशीन बंद झालं न झालं तोच बायकोचा फोन आला. आवाज फाटलेला. "अरे, ती कुठे गेली?" तो फोन कानाशी धरून मशीनपाशी उभा राहिला. मशीन चालू झालं, सर्व्हिस जागी झाली, आणि फोनवर बायकोचा श्वास खाली बसला. "आली. आली. काही नाही, तू कर तुझं काम."

त्या दिवसापासून त्या मशीनला त्याने फुलासारखं जपलं. पंख्यावरची धूळ स्वतः पुसली. त्याच्या जवळ कुणी पाण्याचा ग्लास ठेवला की तो खेकसायचा. लोक म्हणू लागले, वायरमनचा त्या डब्यावर जीव जडलाय. खोटं नव्हतं.

आणि मशीनं म्हातारी होतात. एक दिवस मॅनेजरबाईंनी त्याला बोलावून सांगितलं की नवं मशीन आलंय, तापमानाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्तीही आलीय, तेव्हा सगळं तिकडे हलवा. जुनं उद्या भंगारात जाईल. बाई वाईट नव्हत्या. त्याचा पडलेला चेहरा बघून त्या हसल्या. "वायरमन, जुनं ते सोनं हे घरी. इथे नाही."

तो घाबरला, पण हातपाय गाळून बसला नाही. हे त्याचंच तर काम होतं. धंद्यातली रीत अशी, की नवं बसून रुळेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालू द्यायची. अशाने मध्ये क्षणाचाही खंड पडत नाही. आणि त्याला खंड नको होता. बायकोचा तो फाटलेला आवाज त्याला पुन्हा ऐकायचा नव्हता. एका मशीनवर एका नावाची एकच, हा नियम खरा. पण ही मशीनं दोन होती. त्याने नव्या मशीनवर नवी आवृत्ती बसवली आणि आतलं नाव टाकलं, zipri. मशीनने मुकाट्याने घेतलं. जुन्यावर चालू आहे. नव्यावर चालू आहे. इतकं चोख काम आपण बऱ्याच दिवसांत केलं नाही, असं मनात म्हणत तो घरी निघाला.

दार उघडायला बायको आलीच नाही. त्याने किल्लीने उघडलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातात फणी होती.

"ती दाराशी गेलीय," ती म्हणाली. "दुपारपासून. आत येतच नाही."

पुढच्या खोलीचं दार एका लयीत हलत होतं, कुरकुरत होतं.

"मग खेळत असेल."

"अरे, मग ही कोण?"

स्टुलावरची गादी मधोमध दबलेली होती. बायको खाली बसली आणि तिने फणी हवेत धरली, वरून खाली आणली. फणी सरळ खाली आली. तिने पुन्हा आणली. पुन्हा सरळ खाली आली. गादी जराही हलली नाही. झिपरी फणीखाली इतकी स्वस्थ आयुष्यात कधी बसली नव्हती.

"ही आपली नाही," बायको म्हणाली.

त्याने बाहेर जिन्यात जाऊन मामांना फोन लावला. काय विचारायचं हे ठरवलेलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला की मामा, मी तो नियम मोडला. मामांनी कुणाचं नाव हे विचारलं नाही.

"मशीन कुठलं?"

"जुनं जातंय मामा. म्हणून मी नव्यावर तेच नाव..."

"आणि जुन्यावरचं? तेही चालू आहे?"

"हो."

मामांच्या मागे कुठेतरी जुन्या मशीनचा पंखा घरघरत होता. तो आवाज वायरमनने झोपेतही ओळखला असता.

"जुनं विकत मिळत असेल तर घे," मामा म्हणाले. "मी घेतलं होतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी तो मॅनेजरबाईंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. जुनं मशीन मला द्या, म्हणाला. बाईंनी नाही म्हणण्याआधी खरंच थोडा विचार केला. पण त्यात गोदामाची सगळी माहिती होती, आणि अशा मशीनच्या आतल्या तबकड्यांना भोकं पाडून मगच ते बाहेर जाऊ द्यायचं असा कंपनीचा दंडक होता. "तुम्हाला काय करायचंय त्याचं?" त्यांनी विचारलं. तोंडाने सांगता येईल असं कारण त्याच्याकडे नव्हतं. तो म्हणाला, "सवय झालीय," आणि बाई पुन्हा हसल्या.

मग उरला एकच मार्ग. जुन्या मशीनवरचा जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा, धुळीसकट म्हणतात तसा, नव्यावर न्यायचा आणि त्याच नावाने बसवायचा. पण तिथे ते नाव आता त्या नव्या सर्व्हिसकडे होतं. आधी तिला काढायला हवं होतं. त्याने काढायचा हुकूम दिला. मशीनने उत्तर दिलं की हिच्यावर काढण्याची खूण केली आहे. मात्र मशीन एकदा बंद करून चालू केल्याशिवाय ती जाणार नाही आणि नाव मोकळं होणार नाही. त्याने तरीही जुना प्रोग्रॅम त्या नावाने बसवून पाहिला. हे नाव आधीच घेतलेलं आहे, मशीन म्हणालं. तो त्या वाक्याकडे बघत राहिला. नियम त्याला पाठ होता. वर्षानुवर्षं तो नवशिक्यांना हाच नियम शिकवत आला होता.

मशीन बंद करायला बाईंची परवानगी लागायची, आणि बाई म्हणाल्या, औषधांच्या गाड्या भरून निघाल्या की संध्याकाळी करा. आणि भंगारवाली माणसं दुपारीच आली.

त्यांनी वायरी उपटल्या तेव्हा तो तिथेच उभा होता. जुन्या मशीनचा पंखा लगेच थांबला नाही; आपल्याच वेगाने थोडा फिरला, मग हळू झाला, मग थांबला. ढकलगाडीच्या चाकांचा आवाज गल्लीतून लांब जात असतानाच फोन वाजला. बायको रडत नव्हती.

"दार थांबलं," ती म्हणाली.

"संध्याकाळी येईल," तो म्हणाला. "शप्पथ. आधीही गेली होती की नाही? आली होती की नाही? तशीच येईल."

संध्याकाळी गाड्या निघाल्या. त्याने मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. नाव मोकळं झालं होतं. त्याने जुना प्रोग्रॅम बसवला, तोच, एका अक्षराचाही फरक नसलेला. आतलं नाव टाकलं आणि टाकताना, मामांनी बजावलं होतं तेच त्याच्या हातून झालं. रिकाम्या ऑफिसात त्याने ते नाव मोठ्याने उच्चारलं. झिपरी, ये गं. चालू आहे, असं पडद्यावर उमटलं. त्याने घरी फोन लावला.

"आली?"

"आली."

"कुठली?"

दाराचा आवाज येतोय का म्हणून त्याने कान लावून ऐकलं. घरात अगदी शांत होतं.

"तू घरी ये," बायको म्हणाली.

घरी सगळे दिवे लावलेले होते. स्टूल जागेवर होतं, गादी मधोमध दबलेली होती, आणि बायको पलंगाच्या कडेला हात मांडीवर घेऊन बसली होती. काही विचारायची गरज नव्हती. तरी तो पुढच्या खोलीच्या दाराशी गेला, मुठीला हात लावून त्याने दार थोडं हलवलं. ते कुरकुरलं आणि हात काढताच थांबलं. तो तिथेच खाली बसला. आपण काय केलं हे त्याला आता पुरतं कळलं होतं. आपली अजून चालू असतानाच त्याने तिचं नाव दुसरीला दिलं होतं, आणि आता त्या नावाला ही दुसरीच ओ देत होती. पोर एकदा तापाने नेली तेव्हा त्याने देवाला, डॉक्टरला, हवेला दोष दिला होता. या वेळी दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"मी उद्या काढून टाकतो हिला," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि मग?"

मग काय होतं हे दोघांनाही माहीत होतं. ती खिडकी, तो खण, ते जेव म्हटलं की जेवणं.

बायकोने स्टुलाकडे पाहिलं. गादी तशीच होती, दबलेली, निश्चल. बोलावलं म्हणून आलेल्या परक्या मुलाने परक्या घरात बसावं तशी.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणाची तरी असेलच ना ती."

तिने फणी त्याच्या हातात दिली. "माझ्याने नाही होत रे. तू कर."

तो उठून स्टुलामागे बसला. हवेत जिथे डोकं असावं तिथे त्याने फणी टेकवली, आणि त्याला जाणवलं की खालून काहीतरी फणीकडे आज्ञाधारकपणे किंचित झुकलं. "हळू, हळू," तो सवयीने म्हणाला आणि फणी खाली आणली. मग पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. तो विंचरत राहिला, वरपासून खालपर्यंत, कुठे तरी अडेल म्हणून जपून. आणि फणी कुठेच अडली नाही.